दादाचं रक्त

इतवारी, नागपूर
१२ जुलै १९७४

तीर्थरूप दादास देवकीचा नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नकोस, आधी गोड बातमी देते. तू मामा होणार आहेस. पाचवा महिना संपत आला. लग्नाला चार वर्षं झाली, सासूबाईंनी नवस बोलायला एक देव शिल्लक ठेवला नव्हता, म्हणून पाच महिने होईपर्यंत माहेरी कळवायचं नाही असा त्यांचा हुकूम. माहेरी आता तू आणि वहिनी. तुमची का दृष्ट लागणार होती? पण पार्वतीबाईंपुढे त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, भैयाजी, तोंड उघडत नाहीत, तिथं मी कोण.

आता काम सांगते. मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, सगळे त्यांना शोभाताई म्हणतात. त्यांनी माझं रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मला विचारलं, "लहानपणी गोवर निघाला होता का?" म्हटलं, हो. "मग पुन्हा निघाला?" नाही. म्हणाल्या, "का नाही, ते ऐका. शरीर पहिल्यांदा रोग पाहतं तेव्हा ओळखायला त्याला दिवस लागतात, तोवर माणूस आजारी पडतो. पण त्या रोगाला धरणारं औषध शरीर स्वतःच तयार करतं, आणि ते कसं करायचं हे विसरत नाही. तोच रोग पुन्हा आला की दारातच धरतं."

इथवर छान. पण माझ्या शरीरानं म्हणे भलत्याच गोष्टीला रोग ठरवून ठेवलंय. रक्ताच्या कणांवर एक खूण असते. शंभरातल्या पंचाण्णव लोकांना असते, ते पॉझिटिव्ह. मला नाही, मी निगेटिव्ह. यांना आहे. बाळानं बापाची खूण उचलली असेल तर माझं शरीर त्याला परका समजून त्याचं रक्त मोडत बसेल. पहिल्या खेपेला सहसा असं होत नाही, कारण ओळख नसते. माझी ओळख आधीच झालेली आहे. म्हणून त्यांनी विचारलं, आधी कधी रक्त चढवलं होतं का?

मी काय ताठ होऊन सांगितलं म्हणून सांगू! म्हटलं, चढवलं होतं, माझ्या दादाचं. नऊ वर्षांची होते, कुंपणाच्या खुंटावर पडून मांडी फाटली, खाप्याहून इथं आणेपर्यंत मी पांढरी पडले होते, आणि अठरा वर्षांच्या माझ्या दादानं शेजारच्या खाटेवर झोपून रक्त दिलं. शोभाताई म्हणाल्या, "मग भावाचं रक्त पॉझिटिव्ह असणार, कोडं सुटलं. एकदा तपासून घेऊ, म्हणजे कागदावर येईल."

तेव्हा येऊन जा. बोटाला एक टोचणी, बस. दरवर्षी शाळेत पोरांना रक्तदानावर भाषण झोडतोस, तुला एका सुईचं काय!

तुझी देवकी

खापा
१८ जुलै १९७४

चि. सौ. देवकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून तुझ्या वहिनीने लगेच देवापुढे साखर ठेवली. बाबा असते तर गावभर पेढे वाटले असते.

डॉक्टरीणबाईंचे म्हणणे वाचून मात्र मन खिन्न झाले. ज्या रक्ताने तुला वाचवले तेच आज तुझ्या बाळाच्या मुळावर यावे, ही केवढी दैवगती! देवकी, माझ्या रक्तामुळे तुला हा त्रास होत असेल तर या भावाला क्षमा कर. तेव्हा दुसरा विचार सुचलाच नाही. तू डोळ्यांदेखत जात होतीस.

शाळेत तपासणी आहे, ती आटोपली की येतो. तसे पाहिले तर माझी तपासणी हवीच आहे का? माझे रक्त पॉझिटिव्ह असेच धरून त्यांना उपचार करता येणार नाहीत का? विचारून पाहा.

तुझा
आनंदराव

इतवारी, नागपूर
७ ऑगस्ट १९७४

दादा,

परवा तू येऊन गेलास, बोट टोचताना तोंड फिरवून बसलास, आणि चहाही न घेता बस गाठलीस. तुझा कागद आज हातात आला. तुझं रक्त निगेटिव्ह आहे. माझ्यासारखंच, ओ निगेटिव्ह. खूण नाही.

शोभाताईंनी कागद दोनदा पाहिला. म्हणाल्या, "भावाच्या रक्तानं हे होऊच शकत नाही. देवकीबाई, नीट आठवा. आधी कधी दिवस जाऊन पडले होते का? लग्नाच्या आधीसुद्धा?" त्यांनी हळूच विचारलं होतं. पण सासूबाई माझ्या पाठीलाच उभ्या होत्या.

घरी आल्यावर अंगणातच उभं करून म्हणाल्या, "चार वर्स तं माह्या घरी काई झालं नाई. अन् डॉक्टरीण म्हणून राहिली, पयले येऊन गेलं. कोनाचं होतं वं?" शेजारची कांताबाई वाळत घातलेले कपडे उचलायचं सोडून ऐकत उभी राहिली.

यांचं वागणं त्याहून वाईट. हे जवळ बसून मऊ आवाजात म्हणाले, "खरं काय ते सांग, मी काही म्हणणार नाही." म्हणजे मनात त्यांनी मानलंच ना? त्या दिवसापासून डबा दुकानात मागवतात. तिथं शिलाई मशिनी दुरुस्त करत दिवसभर तेलातच बसलेले असतात.

दादा, मी कोणाचीही शपथ घ्यायला तयार आहे, पण इथं शपथेला कोण विचारतं, माझं रक्तच माझ्याविरुद्ध साक्ष देतंय. तू तिथं होतास. आठव. तुझ्याशिवाय आणखी कोणाची बाटली मला लावली होती का? तू एवढं सांगितलंस तर मी सुटेन. तुझ्या शब्दाला या घरात मान आहे.

देवकी

खापा
२७ ऑगस्ट १९७४

चि. सौ. देवकीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम, मग घटक चाचण्या.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण मला स्पष्ट आठवते. बाटली एकच होती आणि ती माझीच. दुसऱ्या कोणाचे रक्त लावल्याचे मला ठाऊक नाही. डॉक्टरही माणसेच आहेत, त्यांच्या तपासण्या चुकतात. थोडा धीर धर, मूल झाले की सगळे शांत होईल.

आणखी एक लिहितो, राग मानू नकोस. सातवीनंतर तू घरी होतीस. मी तेव्हा कॉलेजसाठी नागपुरात राहत होतो, बाबा दिवसभर मागावर. त्या काळात घरी कोण आले, कोण गेले, हे मला माहीत नाही. तसे काही घडले असेल तर मला एकट्याला सांग. मी तुझा भाऊ आहे. तुला टाकणार नाही.

तुझा
आनंदराव

इतवारी, नागपूर
१६ सप्टेंबर १९७४

आनंददादा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस अन्न गिळलं नाही. तिसऱ्या दिवशी पोटातल्यानं लाथ मारली, तेव्हा उठले, जेवले आणि दवाखान्यात गेले. जुनी रजिस्टरं मागितली. वाळवीनं खाल्ली म्हणाले. पण तिथला एक म्हातारा शिपाई म्हणाला, "त्या काळातलं पायजे तं गेटावरच्या ताराचंदले विचारा. त्यानं अर्ध्या नागपूरले रक्त देल्लं हाये."

ताराचंद आधी सायकलरिक्षा ओढायचा, अडीनडीला रक्त विकायचा. आता दवाखान्याच्या गेटाशी पानाची टपरी आहे त्याची. मी खापा म्हटलं, मांडी म्हटलं, तसा चुन्याची काडी खाली ठेवून म्हणाला, "अरे बापा! ते पोरगी म्हणजे तू होय का वं? तुया भावाले खाटेवर झोपवलं होतं ना. सुई पायली अन् पोट्टा उठून सरळ बाहेर. मले म्हणे, माह्या जागी तू झोप, कोनाले सांगू नको. हातातलं घड्याळ काढून देल्लं मले. मस्त घड्याळ होतं, दोन वर्स वापरलं."

घड्याळ. मॅट्रिक झालास म्हणून बाबांनी दोन लुगडी जास्तीची विणून घेऊन दिलं होतं ते. दवाखान्याच्या गर्दीत हरवलं म्हणालास. बाबा म्हणाले होते, घड्याळ गेलं तर गेलं, पोरानं रक्त दिलं.

मी हे यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे स्वतः ताराचंदला घेऊन शोभाताईंकडे गेले. त्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. त्या दिवशी हे घरी जेवायला आले. सासूबाई माफीबिफी मागणाऱ्यांतल्या नाहीत. माझ्या ताटात भाकरीवर तेल जास्त घातलं, तेवढंच.

आता माझं ऐक. या खोट्यावर मी सतरा वर्षं जगले. सातवीला वर्गात पहिली आले तरी शाळा सोडली, कारण दोघांना शिकवणं बाबांना झेपत नव्हतं, आणि ज्यानं रक्त दिलं त्याच्यासाठी शाळा सोडणं काय मोठं, असं मीच बाबांना म्हटलं. तू समोर बसला होतास. दरसाल भाऊबिजेला ओवाळून तुझ्या पाया पडताना मी रडत आले. तेव्हाही तू ताटात ओवाळणी टाकून गप्पच.

तरी ते सोडून देते. तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास, घाबरलास. पण २७ ऑगस्टचं पत्र लिहिलंस तेव्हा पस्तीस वर्षांचा होतास. खरं काय ते तुला माहीत होतं, आणि तू मला विचारलंस, घरी कोण येत होतं. तुझी लाज झाकायला तू माझं लुगडं ओढलंस, दादा.

तुझं तोंड पाहायची इच्छा नाही, पण मला तुझी गरज आहे. बाळ जन्मलं की त्याचं सगळं रक्त काढून नवं घालावं लागणार आहे, नाहीतर माझ्या अंगातून त्याच्यात गेलेलं ते औषध त्याचं रक्त मोडतच राहील आणि कावीळ डोक्यात चढेल. त्याला खूण नसलेलं रक्त हवं, ओ निगेटिव्ह, दोन बाटल्या. रक्तपेढीत ते क्वचित असतं. सासूबाईंचं जुळलं आहे, नशिबाचा खेळ पाहा. एक बाटली त्या देणार. दुसरी तुझी. बोल, येतोस का?

देवकी

खापा
२४ सप्टेंबर १९७४

देवकी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ताराचंद बोलला ते खरे आहे. खाटेवर झोपवल्यावर समोर रिकामी बाटली आणि ती जाड सुई दिसली, आणि माझा पायजमा ओला झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, बायकोलाही नाही. नर्स वळली तसा बाहेर पळालो. गेटावर रिक्षावाला होता. परत येऊन बाबांना सांगणारच होतो. पण बाबा व्हरांड्यात धावत आले आणि त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. बापाने, देवकी. त्यानंतर मला तोंडच उघडता आले नाही. पुढे गावात नाव झाले, शाळेत नोकरी लागताना हेडमास्तरांनी तेच सांगून ओळख करून दिली. एकेका वर्षाने ते सांगणे अवघड होत गेले.

तपासणीत माझे रक्त पॉझिटिव्ह निघेल आणि सारे आपोआप मिटेल, अशी मला आशा होती. निघाले नाही. त्या पत्राबद्दल मला काही म्हणायचे नाही. ते मी लिहायला नको होते.

मी येईन. बाटलीच काय, असेल तेवढे घ्या. एवढी एक विनंती, खाप्यात हे कळू देऊ नकोस. माझी मुले याच शाळेत आहेत.

आनंदराव

इतवारी, नागपूर
५ नोव्हेंबर १९७४

दादा,

खाप्यात मी काही कळवलेलं नाही.

शोभाताईंनी सोमवार, १८ तारीख ठरवली आहे. दिवस भरण्याआधीच बाळंत करणार, जास्त थांबलं तर बाळ आतच जाईल म्हणतात. भाऊबीज त्याच्या आधी येते. तेव्हाच ये आणि राहा. रक्त ताजं लागतं, सोमवारी सकाळी आठाला दवाखान्यात पाहिजे. सासूबाईंनी तुझ्यासाठी ओसरीवर खाट टाकायला सांगितलं आहे. सुईची भीती वाटली तर मला सांग, मी नर्सला तुझे डोळे बांधायला सांगते. त्यात लाज नाही. पण ये.

देवकी

खापा
१९ मे १९७५

चि. सौ. देवकीस अनेक आशीर्वाद.

माझ्या तिन्ही कार्डांना तुझे उत्तर नाही. तेव्हाही लिहिले होते, पुन्हा लिहितो, भाऊबिजेपासूनच अंगात कसर होती आणि त्या सोमवारी मला एकशे तीन ताप होता. तापात रक्त घेतही नाहीत. बाळ सुखरूप आहे हे तुमच्याकडे येऊन गेलेल्या इथल्या नानाजींकडून कळले आणि जीव भांड्यात पडला. मुलगी झाली, नाव कुमुद ठेवले, हेही त्यांनीच सांगितले. मामाला बारशाचे बोलावणे नव्हते, त्याचा मला राग नाही.

सुट्ट्या लागल्या आहेत. एकदा येऊन भाचीला मांडीवर घेऊ दे. तिच्यापासून मी काही लपवणार नाही. ती जाणती झाली की मी स्वतः तिला समोर बसवून सगळे सांगेन, मी किती भित्रा होतो, तुझ्याशी कसा वागलो, सारे. तिच्या तोंडून क्षमा ऐकली की मला शांतता मिळेल. तोवर गावात बोलू नकोस, एवढेच.

तुझा
आनंदराव

इतवारी, नागपूर
८ जून १९७५

आनंदराव मास्तर,

तुम्हाला ताप नव्हता. त्या सोमवारी साडेसातला तुम्ही दवाखान्याच्या गेटाशी आला होतात. ताराचंदच्या टपरीवर पान घेतलंत. सतरा वर्षांनी पाहिलं तरी त्यानं तुम्हाला एका नजरेत ओळखलं. म्हणाला, "थेच पोट्टा, बाई. तसंच तोंड करून उभा होता. मी म्हटलं, जा गा आत, या खेपेले मी कामाचा नाई. पान न खाताच चालला गेला." सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले, मी वेणा सोसत दाराकडे पाहत होते.

सासूबाई त्याआधी कधी दवाखान्याच्या खाटेवर झोपल्या नव्हत्या. नर्सनं हात दाबला तशा म्हणाल्या, "घे वं, किती पायजे ते. मले काहून विचारून राहिली?" एक बाटली काढली आणि मग आणखी काढा म्हणून भांडत होत्या. शोभाताईंनी ऐकलं नाही, सासूबाईंचं वय झालंय. एका बाटलीत कुमुदचं रक्त अर्धंच बदललं. हे सायकल घेऊन रेल्वेच्या दवाखान्यात, कॉलेजांत, कामठीच्या पलटणीत फिरले. दुसरी बाटली मिळाली ती मंगळवारी संध्याकाळी, एका अनोळखी शिपायाची. तोवर पोरगी हळदीसारखी पिवळी झाली होती.

ती जगली. नानाजींनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. गोरी आहे, हसते, पालथी पडते, सासूबाईंच्या नथीला हात घालते.

गेल्या महिन्यात माझ्या हातून पितळी परात फरशीवर पडली. शेजारची कांताबाई ओरडत बाहेर आली. कुमुद परातीपासून हातभर अंतरावर होती. ती आपल्या पायाचा अंगठा तोंडात घालत होती. तिनं मान वळवली नाही. मी परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा आपटली. मग पुन्हा. सासूबाईंनी येऊन माझा हात धरला.

शोभाताईंनी तिच्या दोन्ही कानांमागे घंटा वाजवून पाहिली. कावीळ कानाच्या नसांपर्यंत गेली, म्हणाल्या. मी विचारलं, दुसरी बाटली सोमवारी मिळाली असती तर? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. मग घंटा खाली ठेवून म्हणाल्या, कान बहुतेक वाचले असते.

तुम्हाला यायचं आहे ना, या. तुम्हाला कोणी अडवणार नाही. तिला मांडीवर घ्या, समोर बसवा आणि तुम्ही म्हणता तसं सगळं सांगा. मोठ्यानं सांगा, घाबरू नका. तिला ऐकू येत नाही.

देवकी